रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

आपल्या वस्तीत स्तनाच्या कर्करोगाची चर्चा दोनच वाक्यांत होते. एक, "तिला गाठ निघाली म्हणे." दुसरं, "तिला मुंबईला नेलंय." या दोन वाक्यांच्या मधे जे दिवस असतात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. गाठीतला तुकडा काढून तपासायला दिलेला असतो, रिपोर्ट आलेला नसतो, आणि बाई घरी येऊन चुलीपुढं भाकरी थापत असते. सात दिवस, दहा दिवस, कधी पंधरा. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. तिचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो.

या अंकात त्या मधल्या दिवसांबद्दल लिहायचं ठरवलं. कुणी म्हणेल, औषधगोळ्यांबद्दल लिहा, मनाच्या घोराचं काय एवढं! पण जीएनएम करून मी अनेक वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काढली आहेत, आणि आता शिनोली, घोडेगाव, जुन्नर भागातल्या वस्त्यांवर फिरते. माझं ठाम मत झालंय की हा घोर उपचार बुडवतो. ज्या रुग्णालयांत मी काम केलं त्यांतल्या एकाच्या लॅबच्या खिडकीमागे एक खण होता. न नेलेल्या रिपोर्टांचा. त्यात रक्तालघवीचे कागद असायचे, तसेच बायोप्सीचेही असायचे. तुकडा काढायला आलेली बाई रिपोर्ट न्यायला आलीच नाही, असे ते कागद. का आली नाही? कुणाकडे भाड्याला पैसे नव्हते, कुणाची मजुरी बुडत होती, हे खरंच. पण त्यातल्या काहींना नंतर मी घरी जाऊन भेटले, आणि त्यांनी खालमानेनं जे सांगितलं ते एकच होतं. "सिस्टर, कागद आणला नाही तोवर मला काही झालेलं नाही ना."

हे वाक्य वेडेपणाचं वाटेल, पण तसं ते नाही. न बघितलेल्या कागदात दोन्ही शक्यता जिवंत असतात आणि बाई त्यातल्या बऱ्या शक्यतेला धरून बसते. तिला दोष देऊन काही होणार नाही. ती तिथपर्यंत का पोचली ते बघायला पाहिजे.

शिनोलीच्या बाईला स्तनात गाठ लागली तर तिची वाट कशी जाते बघा. आधी महिनाभर ती कुणाला सांगत नाही. मग जावेला किंवा बहिणीला सांगते. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवते, तिथून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, आणि मंचरहून बहुतेक वेळा पुण्याला जा म्हणतात, औंधला नाहीतर ससूनला. म्हणजे एसटीनं राजगुरुनगर, चाकण करत वाकडेवाडीला उतरायचं आणि पुढं पीएमटी धरायची. मार्च २०२३ पासून बायांना एसटीला अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार झाला. पण बटाटा काढणीचे दिवस असले तर दिवसाचा रोज जातो तो जातोच. सोबत कुणी आलं तर त्याचाही जातो. एक दिवस सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी मॅमोग्राफी, तिसऱ्या खेपेला बायोप्सी, आणि रिपोर्टला चौथी खेप. केसपेपरवर जो मोबाईल नंबर लिहिलेला असतो तो बाईचा नसतो. चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या पोराचा असतो, आणि तो शिफ्टमधे असताना फोन उचलत नाही. रुग्णालयातून फोन आलाच, तरी तो बाईपर्यंत पोचेल याची खात्री नाही.

पुण्यातल्या मोठ्या घरची बाईसुद्धा रिपोर्टच्या वाटेवर घाबरतेच. पण तिला डॉक्टरला फोन करता येतो, रिपोर्ट मोबाईलवर येतो, शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो. वाट बघणं दोघींच्या वाट्याला सारखं येत नाही, हे आधी मान्य करू या. मग मनाला आवर घालायच्या गोष्टी बोलू.

रिपोर्टला एवढे दिवस का लागतात, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. माझा अनुभव असा की आत काय चाललंय ते कळलं की बाईचा निम्मा जीव खाली बसतो. आणि नेमकं तेच तिला कुणी सांगत नाही.

तुमची जागा बधिर करून जाड सुईनं, सोनोग्राफीत बघून, शेवयांसारखे दोनचार बारीक तुकडे काढतात. ते लगेच फॉर्मॅलिन नावाच्या औषधी पाण्याच्या बाटलीत टाकतात. त्या पाण्यानं तुकडा कुजत नाही, आहे तसा टिकतो. तिथं तो पुरेसा मुरावा लागतो. साधारण ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको असं धरतात, कारण पुढच्या काही खास तपासण्या त्यावर अवलंबून असतात. मग मशिनमधे रात्रभरात त्यातलं पाणी काढून टाकतात आणि त्याच्या जागी वितळलेलं मेण भरतात. तुकडा मेणाच्या वडीत बसतो. या वडीला ब्लॉक म्हणतात. ही वडी यंत्रावर कापून तिचे इतके पातळ काप काढतात की आपला केस त्याच्या पंधरावीस पट जाड ठरेल. ते काप काचपट्टीवर घेऊन जांभळ्या आणि गुलाबी रंगात रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी बघतात. काही शंका आली तर आणखी काप काढतात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवतात, किंवा खास रंग लावून बघतात. त्याला आणखी काही दिवस जातात. मधे रविवार आला, सुट्टी आली, एका पॅथॉलॉजिस्टपुढं सगळ्या जिल्ह्याचे तुकडे आले, तर आणखी दिवस.

यातला कुठलाही टप्पा बाई गरीब आहे म्हणून किंवा आजार मोठा आहे म्हणून लांबत नाही. "उशीर झाला म्हणजे नक्की वाईटच असणार, म्हणून सांगत नाहीत," असं वस्तीत हमखास बोललं जातं. ते डोक्यातून काढा. उशिराचा अर्थ चांगला नाही आणि वाईटही नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ मेण, काचा आणि रविवार एवढाच असतो.

आणि गाठ म्हणजे कर्करोग हे समीकरणही खोटं आहे. स्तनात सापडणाऱ्या बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमधे बोटाखालून निसटणारी गोटीसारखी गाठ असते, फायब्रोअ‍ॅडेनोमा म्हणतात तिला, ती साधी असते. पस्तिशीचाळिशीत पाण्याच्या गाठी होतात. पाळीच्या आधी काही बायांचे स्तन दडसतात, दुखतात, ते हार्मोनचं काम आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साठून गाठ होते, पू होऊन गळू होतं. मार लागून आतली चरबी कडक होते. आणि आपल्याकडे स्तनाचा टीबीही असतो, जो टीबीच्या औषधानं बरा होतो. हे सगळं हातानं चाचपून नक्की सांगता येत नाही, म्हणून तुकडा तपासतात. डॉक्टरनं बायोप्सी सांगितली याचा अर्थ "मला माहीत नाही, बघून सांगतो" असा असतो. वय वाढेल तशी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता वाढते, हेही लपवत नाही. आणि दुखत नाही म्हणजे काळजी नाही असं मुळीच नाही. न दुखणारी गाठ तर आधी दाखवायची.

सुई लावली की कर्करोग अंगभर पसरतो, ही आणखी एक भीती. तिनं किती बाया घरी बसवल्या असतील! या समजुतीला आधार नाही. जगभर स्तनाच्या गाठीचं निदान आधी सुईच्या तुकड्यावरूनच करतात, कारण उपचार कोणता आणि कोणत्या क्रमानं द्यायचा ते त्यावरूनच ठरतं. उलट तुकडा न तपासता "चला, गाठच काढून टाकू" म्हणणाऱ्या दवाखान्यापासून सावध राहा.

आता मनाकडे येते. आपल्या बाया "मला चिंता वाटते" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, छातीत धडधडतंय, पोटात गोळा उठतोय, हातापायाला मुंग्या येताहेत, डोकं जड झालंय, घास उतरत नाही. सासू म्हणते, गाठ अंगभर पसरली वाटतं. ही लक्षणं बहुतेक वेळा गाठीची नसून भीतीची असतात. शरीराला धोका वाटला की ते पळायची तयारी करतं. काळीज जोरात चालतं, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात. पळायला जागा नसली की ती सगळी तयारी अंगातच कोंडून राहते.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाची बायोप्सी झालेल्या १२६ बायांच्या लाळेतलं तणावाचं हार्मोन, म्हणजे कॉर्टिसोल, तपासलं होतं. बायोप्सीनंतरच्या पाचव्या दिवसापर्यंत १६ जणींना कर्करोग असल्याचं कळलं होतं, ३७ जणींना नसल्याचं कळलं होतं, आणि तब्बल ७३ जणींना अजून काहीच कळलेलं नव्हतं. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांचं कॉर्टिसोल कर्करोग निघालेल्या बायांसारखंच बिघडलेलं होतं. म्हणजे न कळण्याचा मार शरीरावर वाईट बातमीइतकाच बसतो. अमेरिकेतल्या, डॉक्टरशी इंग्रजीत बोलणाऱ्या बायांची ही गत. आपल्या बाईला "एवढ्यानं काय घाबरतेस" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणूनच "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य मला आवडत नाही. ते बोलणाऱ्याची सुटका करतं, ऐकणारीची करत नाही. घाबरलेल्या बाईला वर आणखी घाबरण्याची लाज वाटायला लागते. ती गप्प होते आणि आपल्याला वाटतं शांत झाली. त्यापेक्षा "घाबरल्यासारखं होणारच, मी आहे, सोमवारी कागद आणायला मी येते," हे तीन तुकडे जास्त कामाचे आहेत. त्यातला तिसरा सगळ्यात जास्त.

तारीख पहिल्यांदा. बायोप्सी झाली की खोलीतून बाहेर पडायच्या आधी विचारा, रिपोर्ट कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर, किती वाजता, आणि त्या दिवशी डॉक्टर ओपीडीला असतात का. केसपेपरवर लिहून मागा. लाजू नका, सिस्टर चिडली तरी चिडू द्या. मी त्या बाजूला उभी राहिले आहे, दिवसाला शंभर माणसं विचारतात तेव्हा चिडचिड होते, पण लिहून द्यायला अर्धं मिनिट लागतं. तारीख हातात असली की घोराला कुंपण पडतं. "कधीतरी येईल" या वाटेला शेवट नसतो, "गुरुवारी येईल" हिला असतो. आणि निघायच्या आधी लॅबला फोन करून रिपोर्ट तयार आहे का विचारा, खेप फुकट जाऊ नये.

माणूस एकच निवडा. सगळ्या वस्तीला सांगायची गरज नाही, पण कुणालाच न सांगणं फार जड जातं. जाऊ, बहीण, शेजारीण, आशाताई, जिच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणार नाही अशी एक. तिचं काम धीर देणं नाही. तिनं ऐकायचं, आणि रिपोर्टच्या दिवशी सोबत यायचं. दोन डोक्यांना डॉक्टरचं बोलणं जास्त लक्षात राहतं. नवऱ्याला सांगायचं की नाही हे ज्या त्या घरावर आहे. पण मी बघितलंय की पुष्कळ नवरे कळल्यावर बरे वागतात, आणि लपवलेलं मागाहून कळलं की भांडतात.

हातपाय चालू ठेवा. बायोप्सीनंतर दोन दिवस पाण्याचे हंडे, लाकडाची मोळी, पाटी उचलू नका. जागा काळीनिळी पडली तर घाबरू नका, ती आठदहा दिवसांत ओसरते. दुखलं तर फडक्यात गुंडाळून थंड पट्टी ठेवा, डॉक्टरनं सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी घ्या. सूज वाढत गेली, रक्त थांबेना, पू आला किंवा ताप भरला तर मात्र रिपोर्टच्या तारखेची वाट न बघता जा. बाकी रोजचं हलकं काम, चालणं, विहारातली बैठक, बचत गटाचा हिशोब, हे सोडू नका. रिकामी बसलेली बाई दिवसातून वीस वेळा गाठ चाचपते. चाचपून ती कमी होत नाही, जागा फक्त दुखरी होते.

मोबाईलवर बघत बसू नका. मुलं "आई, यूट्यूबवर सगळं असतं" म्हणतात. सगळं असतं हीच अडचण आहे. तिथं शेवटच्या टप्प्याची बाई दिसते, गोमूत्राचा उपाय दिसतो, आणि तुमच्या गाठीबद्दल एक अक्षर नसतं. जे विचारायचंय ते वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरला विचारा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातीला सांगा, ती लिहील.

मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. ताण आला की आपल्या बाया मिश्रीच्या डबीकडे जातात, आणि या आठवड्यात डबी दुप्पट वेगानं संपते. तंबाखूनं धडधड वाढते, झोप उडते. चहाचंही थोडं तसंच. लगेच सुटत नसेल तर निदान रात्रीची मिश्री बंद करा.

रात्र सगळ्यात वाईट. घर झोपलं की विचार जागे होतात. पोरांचं कोण बघेल, धाकटीचं लग्न, घरकुलाचा हप्ता. त्या वेळी अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसा, भिंतीला पाठ टेका आणि श्वासाकडे लक्ष द्या. आनापानसती आपल्या घरांत नवी नाही, विहारात सगळ्यांनी केलेली आहे. श्वास रोखायचा नाही, ओढायचा नाही. नाकाशी येतो-जातो तो बघायचा, आणि बाहेर सोडताना थोडा सावकाश सोडायचा. लांब उच्छ्वासानं काळजाची गती खाली येते, हे शरीराचं काम आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही. छातीकडे लक्ष गेलं की भीती वाढत असेल तर लक्ष पायाच्या तळव्यांकडे न्या. दहा मिनिटं पुरे. (कुणी उत्साहानं या आठवड्यात इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवत असेल तर नको म्हणा. तिथं फोन नसतो, आणि रिपोर्ट आणायला कोण जाणार?)

संयुत्त निकायात सल्लसुत्त आहे, त्यात बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिलाय. एक बाण वेदनेचा, तो सगळ्यांना लागतो. दुसरा आपण आपल्या मनानं वर मारून घेतो. गाठ हा पहिला बाण धरा. "माझ्याच नशिबी का", "मागच्या जन्मीचं पाप", "मी पोरांना अंगावर पाजलं नाही म्हणून", "मला त्या बाईची नजर लागली", हे सगळे दुसरे बाण. पापाचा बाण तर आपल्या हातात द्यायचं कुणाला काही कारणच नाही. आपण तो १९५६ साली नागपुरात टाकून आलो. तरी शेजारची कुणी या दिवसांत देवऋषाकडे चल म्हणून मागं लागते, आणि भीतीपोटी आपल्या घरची बाईही जाते. तिला हसू नका. पण त्यानं अंगारा देऊन "कागद आणू नकोस, मी बघतो" म्हटलं तर तो तिच्या जिवाशी खेळतोय. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि उपचार घेण्यापासून अडवणं हा काही लहान अपराध नाही.

काही जणींचं यानंही भागत नाही. सलग तीनचार रात्री डोळ्याला डोळा नाही, अन्न तोंडात जात नाही, एकाएकी दम कोंडून आता मरते असं होतं, किंवा जगून काय करायचं असं मनात येतं. मग थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. आणि डॉक्टरला सांगायचं. झोपेची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची नाही.

हे झालं बाईनं करायचं. पण सगळं बाईनंच करायचं असेल तर मला हे पान लिहायला नको. आता दुसऱ्या बाजूचं बोलते.

टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं मुंबईतल्या वस्त्यांमधे मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बाया त्यात होत्या. निम्म्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले, निम्म्या भागांत नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. हातानं तपासलेल्या बायांमधे कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या वरच्या बायांमधे या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमधे मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. महागडं मशिन नव्हतं, शिकलेला हात होता. आणि ज्या बायांवर हे सिद्ध झालं त्या आपल्यासारख्याच वस्तीतल्या होत्या. आज सरकारी कार्यक्रमात तिशीच्या वरच्या बाईचा स्तन उपकेंद्रावर तपासायचा असं ठरलेलं आहे, आशाताई त्यासाठी फॉर्म भरते. ही चांगली गोष्ट आहे, आपल्या बायांनी जायलाच पाहिजे.

पण जितक्या जास्त बाया तपासाल तितक्या जास्त जणींना "गाठ वाटते, पुढं दाखवा" असं सांगाल, आणि तितक्या जास्त जणी रिपोर्टची वाट बघत बसतील. त्यातल्या बहुतेकींना काहीच निघणार नाही. मग त्यांच्या त्या दिवसांची जबाबदारी कुणाची? चिठ्ठी दिली की नोंदवहीत "रेफर" असा शिक्का बसतो आणि आकडा पूर्ण होतो. बाई पुढं गेली का, तुकडा काढला का, कागद तिच्या हातात पडला का, हे विचारणारा रकाना मला आजवर कामाच्या जागी दिसलेला नाही. माझी मागणी साधी आहे. जिनं चिठ्ठी दिली त्या उपकेंद्रातून बाईला पंधरा दिवसांनी एक फोन जावा. बायोप्सीच्या कागदावर तारीख छापलेली असावी. आणि रिपोर्ट मंचरलाच मिळावा. पुण्याहून मंचरला कागद यायला आज एक बटण पुरतं, बाईनं दिवस मोडून जायचं कारण नाही.

हे जगावेगळं मागणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं स्तनाच्या कर्करोगासाठी ठेवलेलं उद्दिष्ट असं आहे की बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत सगळं निदान पूर्ण व्हावं. इंग्लंडमधे सरकारी सेवेनं स्वतःला २८ दिवसांचं बंधन घातलंय, तेवढ्यात कर्करोग आहे की नाही ते रुग्णाला कळवायचं. आपणही दिवस मोजायला शिकू या. कॅलेंडरवर पहिल्या तपासणीची खूण करा. रिपोर्टच्या आठवड्यानं आजार हाताबाहेर जात नाही, त्यासाठी जीव काढू नका. पण साठ दिवस उलटत आले आणि अजून "पुढच्या सोमवारी या" चाललंय, तर तक्रार करा, आम्हा कार्यकर्त्यांना सांगा.

कागद हा बाईचा हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं द्यायची, असं डॉक्टरांच्या २००२ सालच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. आणि निकाल बाईला सांगायचा. नवऱ्याला बाजूला घेऊन व्हरांड्यात कुजबुजायचं, आणि बाईनं बाकावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचा, हे मी कितीदा बघितलं त्याला गणती नाही. शरीर तिचं आहे, ती ऐकू शकते. ऐकताना सोबत कोण हवं ते ती ठरवेल.

पैशाच्या घोराचंही थोडं सांगते, कारण पुष्कळदा बाई आजारापेक्षा खर्चाला जास्त भिते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे घोडेगाव, मंचर, औंध इथं, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कर्करोग निघालाच तर शस्त्रक्रिया, केमो आणि शेक देणं महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. नंबर १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते या वाट बघायच्या दिवसांतच तपासून घ्या. हात रिकामे राहत नाहीत, आणि गरज पडली तर धावपळ वाचते. गरज पडली नाही तर कागद सरळ झालेले बरेच.

विहार समित्यांना एक विनंती. आपण लग्नाला, जलदानविधीला, जयंतीला वर्गणी काढतो. प्रत्येक वस्तीनं दोन बाया ठरवाव्यात ज्या रिपोर्टच्या दिवशी सोबत जातील, आणि त्यांच्या भाड्याची सोय समितीनं करावी. आजाऱ्याजवळ बसणं ही बुद्धांनी भिक्खूंनाही लावलेली शिस्त आहे, आपल्याला ती जड जाऊ नये.

शेवटी कागद हातात आल्यावर. एसटी स्टँडवर पोराकडून वाचून घेऊ नका, डॉक्टरसमोर बसूनच उघडा. 'बिनाइन' लिहिलं असेल तर गाठ साधी आहे. तरी विचारा की काढायची का, आणि पुन्हा कधी दाखवायची. 'मॅलिग्नंट' किंवा 'कार्सिनोमा' लिहिलं असेल तर कर्करोग आहे. मग विचारा की ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्याच तुकड्यावर पाठवल्या आहेत का, कारण औषध त्यावरून ठरतं, आणि त्यांना पुन्हा काही दिवस लागतात. 'अ‍ॅटिपिया' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, आणखी बघावं लागेल. 'इनकन्क्लूझिव्ह' किंवा 'इनअ‍ॅडिक्वेट' म्हणजे तुकडा पुरला नाही, पुन्हा काढायचा. पुन्हा बोलावलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. आणि पुढं टाटाला किंवा दुसरीकडं दाखवायचं असेल तर नुसता कागद घेऊन निघू नका. लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या सही करून मागून घ्या. त्या नसल्या तर तिथं नव्यानं तुकडा काढायची वेळ येऊ शकते, आणि वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.